एडिनबर्गला निघण्याआधी: एका लेअर्डाच्या सनदेची तयारी

असं धरून चालू की साल 1622 आहे, तुम्ही स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातले खाऊनपिऊन सुखी लेअर्ड म्हणजे जमीनदार आहात आणि शेजारच्या लेअर्डाकडून दोन वाड्या, एक पाणचक्की आणि नदीतल्या सॅमन मासेमारीचा हक्क विकत घेतला आहे. पैसे मोजून दिलेत, खरेदीची सनद हातात आली आहे, शेजाऱ्याने पाठीवर थापही मारली आहे. तरी काम अर्धंच झालंय. शेजारी ती जमीन थेट राजाकडून धरत होता. राजाच्या मोठ्या मोहरेची मान्यता येईपर्यंत तुम्ही फार तर शेजाऱ्याचे पोटधारक. त्याने राजाचं देणं थकवलं किंवा तो मेला आणि पोराने वारसा लावून घेतला नाही, तर झळ त्याच जमिनीला, म्हणजे तुम्हाला. आपल्याकडे खरेदीखत झालं म्हणून निवांत बसणारे आणि फेरफाराला पाच वर्षं विसरणारे लोक असतात, त्यातलीच ही गत.

तर आधी पेटी उघडा. तुमची नाही, शेजाऱ्याची. त्याच्या घराण्याची जुनी मूळ सनद बघायला मागा आणि ती धरण्याची अट काय आहे ते वाचा, कारण पुढचं सगळं त्या एका ओळीवर अवलंबून आहे. ‘वॉर्ड’ म्हणजे लष्करी चाकरीच्या अटीवरची जमीन असेल, तर त्याने आजवर किती विकली ते विचारा. राजाच्या संमतीशिवाय अर्ध्याहून जास्त विकली गेली की सगळीच राजाकडे परत जाते, विकलेली आणि उरलेलीही. याला ते ‘रेकग्निशन’ म्हणतात. तुमच्याआधी त्याने दोघांना तुकडे विकले असतील आणि तुमच्या खरेदीने तो अर्ध्याची रेघ ओलांडत असेल, तर तुम्ही स्वतःच्याच पैशाने दोघांचं घर बुडवलंत. राजाची मान्यता हे त्यावरचं औषध आहे, म्हणून तर घाई.

त्याच बैठकीत सॅमनचा शब्द शोधा. ओढ्यातले साधे मासे जमिनीबरोबर येतात, सॅमन येत नाही. तो मुळात राजाचा हक्क. सनदेत नावानिशी दिलेला असला तर ठीक, नुसतं ‘मासेमारीसह’ लिहिलेलं असेल तर 40 वर्षांची वहिवाट दाखवावी लागेल. म्हातारे कोळी साक्षीला हाताशी आहेत का, तेही बघून ठेवा.

जुनी कागदं नाहीतच, असं शेजारी म्हणाला तर लगेच त्याला खोटारडा ठरवू नका. 1544 मध्ये इंग्रजांनी एडिनबर्ग जाळलं तेव्हापासून कागद जळाल्याची सबब खरीही असते आणि सोयीचीही. हरवलेल्या दस्ताचा मजकूर सिद्ध करण्याचा दावा सेशन कोर्टात, म्हणजे एडिनबर्गच्या वरच्या दिवाणी कोर्टात, लावता येतो, पण त्याला वेळ आणि वकील दोन्ही लागतात. तारखा वाचताना एक सांभाळा: 1600 पर्यंत स्कॉटलंडचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. म्हणजे 1590 च्या फेब्रुवारीचा दस्त त्याच 1590 च्या जूनमधल्या दस्तानंतरचा असतो. हे न कळल्याने माणसं आजही नकला वाचताना गोंधळतात. शेजाऱ्याच्या नावाने बाजारचौकात शिंग फुंकलं गेलंय का, हेही गावात विचारून घ्या. कर्जबुडव्याला तीन वेळा शिंग फुंकून राजद्रोही जाहीर करतात, आणि अशा माणसाकडून घेतलेली जमीन म्हणजे विकतचं दुखणं.

आता ताबा. त्याला सेसीन म्हणतात आणि तो कागदावर होत नाही, मातीत होतो. शेजाऱ्याचा कारभारी, तुमचा मुखत्यार, नोटरी आणि साक्षीदार एवढी मंडळी उजेड असताना त्या जमिनीवर उभी राहिली पाहिजेत. कारभारी वाकतो, मूठभर माती आणि एक दगड उचलतो आणि तुमच्या मुखत्याराच्या तळहातावर ठेवतो. मुखत्यार ‘याची नोंद घ्या’ म्हणतो, नोटरी लिहून घेतो. झालं. पण माती-दगड फक्त जमिनीला चालतात. चक्कीसाठी चक्कीत जावं लागतं. तिथे धान्य ओतायचं लाकडी नसराळं आणि त्याला हलवत खटखटणारी फळी हातात द्यावी लागते. मासेमारीसाठी नदीवर जाऊन जाळं आणि होडी. हे सगळं एका सकाळी उरकायचं ठरवून लोक निघतात आणि नदीपाशी पोचल्यावर कळतं की होडी पलीकडच्या काठाला आहे. आदल्या दिवशी माणूस पाठवून होडी अलीकडे आणवा, जाळंही धरून ठेवा. आणि दोन वाड्या एकमेकींना लागून नसतील, मध्ये तिसऱ्याचं शेत असेल, तर प्रत्येक वाडीत वेगळं सेसीन घ्या. एका वाडीची माती दुसरीला चालत नाही.

नोटरीचा लेख हातात पडला की दिवस मोजायला लागा. 1617 च्या कायद्याने सेसीनची नोंद 60 दिवसांच्या आत वहीत झाली पाहिजे, परगण्याच्या किंवा एडिनबर्गच्या. नाही झाली तर तिऱ्हाइतापुढे तो लेख रद्दी. जुनी माणसं सांगतील की या वह्याबिह्यांचं काही खरं नसतं. त्यांचंही चूक नाही. 1599 मध्ये अशीच एक वही सुरू झाली होती आणि 10 वर्षांत बंद पडली. ही मात्र टिकणार आहे, तेव्हा 60 व्या दिवसाची वाट बघू नका. शेजाऱ्याने हीच जमीन आणखी कुणाला विकली असेल, तर ज्याला राजाची मान्यता आधी मिळाली तो जिंकतो. तुमची खरेदी आधीची होती हे सांगून उपयोग नाही.

खरेदीच्या सनदेतली एक ओळ एव्हाना तपासलेली असावी: जमीन ‘माझ्याकडून किंवा माझ्याकडे न राहता माझ्या वरच्या धन्याकडून’ धरायची, असे दोन्ही पर्याय तीत हवेत. हे दुहेरी वाक्य असलं की राजाची मान्यता मागे, तुमच्या सेसीनच्या दिवसापर्यंत जाऊन लागू होते आणि नुसत्या मान्यतेला पुन्हा माती उचलावी लागत नाही. ‘माझ्याकडून’ एवढंच असेल तर तुम्ही कायमचे शेजाऱ्याखाली.

मग एडिनबर्ग. तिथे गाठायचा माणूस म्हणजे सिग्नेटचा लेखक. सिग्नेट ही राजाची छोटी मोहर, आणि तिच्यासाठीचे कागद लिहिणारा हा वकील. राजाला भेटायचं नसतं. तो 1603 पासून लंडनला आहे आणि एवढ्या वर्षांत एकदाच, 1617 मध्ये, इकडे येऊन गेला. लेखक तुमच्यासाठी स्कॉट्स भाषेत मसुदा करतो. त्याचं नाव गमतीचं आहे, ‘सिग्नेचर’. म्हणजे सही ज्यावर व्हायची तो कागद. नंतरची लॅटिन सनद याच मसुद्यावरून उतरते, म्हणून इथे जे सुटलं ते सुटलंच. चक्की, सॅमन, कबुतरखाना, कोळसा, पीट म्हणजे जळणाच्या मातीची दलदल, कुळांनी धान्य तुमच्याच चक्कीवर दळायचं हे बंधन, सगळं एकेक करून वाचून घ्या. लॅटिनमध्ये पुढे रानं, माळ, दलदली, वाटा, पायवाटा, पाणी, तळी अशी लांबलचक माळ येईल. ती प्रत्येक सनदेत असते. तिला भुलू नका, तिच्यात तुमचं असं काही नसतं.

मसुद्यात दोन गोष्टी जास्तीच्या मागता येतात आणि माझ्या मते खर्च करायचाच तर त्यांवर करावा. पहिली, नव्याने देणगीचं कलम, ‘नोवोदामुस’. जुन्या हक्कात कुठे भोक असेल तर राजा जणू पहिल्यांदाच देतोय, असं धरून ते बुजतं. दोन्ही वाड्या आणि चक्की एकत्र जोडून पुढच्या पिढीला एकाच घरापाशी एकच सेसीन पुरेल, अशी सोयही त्यातच मागा. ती फक्त राजाच देऊ शकतो. अशा कलमासाठी मात्र माती पुन्हा उचलावी लागेल. दुसरी, वॉर्ड बदलून घेणं. तुम्ही पोर लहान असताना मेलात तर वॉर्डच्या जमिनीचं उत्पन्न मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंत राजाकडे किंवा राजाकडून तो हक्क विकत घेणाऱ्याकडे जातं, आणि मुलाच्या लग्नाची किंमतही त्यालाच. त्याऐवजी ठरलेली रक्कम बांधून घेतात, किंवा ‘ब्लेंच’ करून घेतात. म्हणजे वर्षाला मागितला तर एक पेनी, किंवा उन्हाळ्यात एक गुलाब. ‘मागितला तरच’ हे शब्द सनदेत असतात आणि गुलाब सहसा कुणी मागत नाही. अशा नावापुरत्या अटी आणखीही आहेत. पेनिकुइकच्या मालकांनी राजा शिकारीला आला की तीन वेळा शिंग वाजवायचं. ब्रेहेडच्या हाउइसन घराण्याने राजाला हात धुवायला पाणी आणि तस्त द्यायचं. हे त्यांच्या वंशजांनी 1822 मध्ये चौथ्या जॉर्जपुढे खरोखर केलं. उत्तरेकडच्या फाउलिसच्या मन्रोंबद्दल तर ऐन उन्हाळ्यात बर्फाचा गोळा द्यायची अट सांगतात.

मसुदा एक्स्चेकरमध्ये, म्हणजे राजाच्या खजिन्याच्या कचेरीत, गेला की घासाघीस. नजराण्याला इथे ‘कॉम्पोझिशन’ म्हणतात. हिशोब मर्कमध्ये होतो, मर्क म्हणजे स्कॉट्स पौंडाचे दोन तृतीयांश, आणि 12 स्कॉट्स पौंडांचा एक इंग्लिश पौंड. लंडनच्या पाहुण्याकडून उसने घेणार असाल तर हा भाव आधी डोक्यात बसवा. कारकुनांची, मोहरेची, चामड्याची फी वेगळी.

पुढचं फक्त फिरणं आहे. मसुद्यावरून सिग्नेटचा हुकूम निघतो, त्यावरून प्रिव्ही सील या मधल्या मोहरेचा, त्यावरून चॅन्सरी म्हणजे सनदा लिहिणाऱ्या कचेरीत ग्रेट सीलची, म्हणजे त्या मोठ्या मोहरेची, सनद लिहिली जाते. तीन मोहरा, तीन कचेऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणी कागद आपल्या पायाने पुढे जात नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण एका दमात म्हणतो. इथे त्याला आठवडे लागतात. कुणाला तरी एडिनबर्गात बसवून ठेवा.

मुहूर्ताचं म्हणाल तर टाळाटाळ नको. 1597 च्या पार्लमेंटने हायलँड आणि बेटांवरच्या सगळ्या मालकांना 15 मे 1598 पर्यंत एडिनबर्गला येऊन कागद दाखवा म्हणून फर्मावलं. लुइस बेटाच्या मॅक्लाउड घराण्याने दाखवले नाहीत. तलवारीने राखलेल्या जमिनीला मेंढीच्या कातड्याची काय मातब्बरी, असाच एकंदर तोरा होता. बेट काढून घेतलं आणि फाइफच्याच काही सद्गृहस्थांना वसाहतीला दिलं. ते तिथे मार खाऊन परतले आणि 1610 मध्ये लुइस किनटेलच्या मॅकेन्झीकडे गेलं. मॅक्लाउडांकडे परत आलं नाही.

तुम्हाला 1622 मध्ये ठाऊक असायचं कारण नाही, पण तीन वर्षांनी पहिला चार्ल्स गादीवर आल्या आल्या आधीच्या राजांच्या देणग्या परत घेणारं जे रद्दीकरण काढणार आहे, त्याच्या यादीत 1540 नंतर वॉर्डवरून बदलून घेतलेल्या जमिनीही असतील. म्हणजे ज्यावर तुम्ही सर्वांत जास्त मर्क घातलेत तेच. म्हणून मसुद्यात जुनी अट कोणती होती तेही स्वच्छ लिहून ठेवा. पार्लमेंटकडून वेगळं शिक्कामोर्तब घ्या म्हणून कुणी गळ घातली तर घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. अधिवेशनाच्या शेवटी ‘इतरांचे हक्क राखून’ असा एक ठराव होतोच आणि त्या कागदातली बरीचशी हवा निघून जाते.

सनद मिळाली की तिथेच उलगडून मोहर बघा. चामड्याच्या पट्टीला लोंबकळणारा मेणाचा जाड गोळा, दोन्ही बाजूंनी ठसा. कडा तुटलेल्या असतील तर तिथल्या तिथे बोला. घोड्यावर खोगिराच्या पिशवीत टाकू नका, लोकरीत गुंडाळून डबीत ठेवा. आणि सरकारदरबारी नक्कल आहेच की, या भरवशावर मूळ हलगर्जीपणे ठेवू नका. स्कॉटलंड जिंकणाऱ्या इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या लोकांनी लंडनला नेलेलं स्कॉटलंडचं दप्तर 1660 च्या डिसेंबरात परत येताना ‘एलिझाबेथ’ नावाच्या जहाजाबरोबर समुद्रात बुडालं, 85 पिंपं भरून कागद.