जाळीचा रॅक घेण्याआधी कूलर आठवा

घरात सामान ठेवायला रॅक घ्यावा हे आपल्याला एकतर दिवाळीच्या साफसफाईत सुचतं, नाहीतर जानेवारीत. नागपुरात गोची होते ती इथेच. मीही जानेवारीत मापं घेतली. मागच्या खोलीची अख्खी भिंत मोकळी दिसली, खांब उभे केले, तारेच्या जाळ्या बसवल्या, वर्षाचं धान्य भरलं आणि चार जणांना बोलावून दाखवलंसुद्धा. होळी झाली, कूलर काढला आणि कळलं, की तो ज्या खिडकीत बसतो तीच खिडकी मी दोन क्विंटल गहू-तांदळाच्या मागे गाडून टाकली आहे. आई दारात उभी राहून म्हणाली, "आता कूलर का डोक्यावर ठेवतं?"

तर सगळ्यात आधी कूलर. भिंत मोजायच्याही आधी.

कूलर गॅलरीत, माळ्यावर, जिथे कुठे झाकून ठेवला असेल तिथून तो काढा आणि आठवून नाही, प्रत्यक्ष मोजा. स्टँडसकट मोजा. मग खिडकीपाशी फरशीवर खडूने त्याची चौकट काढा. कूलर खिडकीबाहेर बसत असेल तर त्याचं तोंड आत कुठवर येतं ते बघा, आणि त्या तोंडासमोर काही नको. जाळीतून हवा जाते हे खरं, पण जाळीवर ठेवलेल्या खोक्यांतून जात नाही. खस बदलायला बाजूच्या चौकटी काढाव्या लागतात, त्यासाठी हात जाईल एवढी जागा. पाण्याचा पाइप किंवा बादली घेऊन माणूस जाईल एवढी वाट. आणि हे तर मला दुसऱ्यांदाही सुचलं नव्हतं: ज्या दारातून कूलर त्या खोलीत येतो, ते दार रॅक लावल्यावर पूर्ण उघडतं का? 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. कूलरच्या जागेत तडजोड करू म्हणणारा माणूस बहुतेक पुण्याहून आलेला असतो.

खडूची चौकट पुसू नका. आता भिंत मोजा. लांबी, उंची, स्विचबोर्ड, दाराचा पल्ला; हे काही सांगायला नको.

उंचीबद्दल मात्र एक सांगतो. या रॅकमध्ये नट-बोल्ट नसतात. खांबाला इंचाइंचावर खाचा असतात, त्यात प्लॅस्टिकची दोन फाकांची स्लीव्ह बसते आणि जाळी खांबांच्या डोक्यावरून खाली सरकत येऊन तिच्यावर घट्ट रुतते. म्हणजे खांबांच्या वर मोकळी जागा लागते. आमच्याकडे वर माळा, आणि खांब माळ्याला जवळपास टेकलेले. एक कप्पा दोन खाचा वर घ्यायचा म्हणून अख्खा रॅक रिकामा करून ओढत बाहेर आणावा लागला. वर निदान वीतभर सोडा.

आता वाढवण्याचं. हा रॅक घेण्याचं खरं कारणच ते: आज एक भाग घ्या, वर्षाने शेजारी दुसरा जोडा. जोडताना दुसऱ्या भागाला चारही खांब लागत नाहीत. एका बाजूला दोन खांब, आणि दुसऱ्या बाजूने जाळी पहिल्या रॅकच्या जाळीला एस आकाराच्या हुकांनी अडकवायची. खांबांचे पैसे वाचतात, मधली जागाही वाचते. कोपऱ्यात काटकोनात वळवायचं असेल तरी हेच हुक चालतात, आणि कोपऱ्यात मध्येच खांब येत नसल्यामुळे आतपर्यंत हात जातो. पण हुकाने जोडलेले कप्पे एकाच पातळीवर येतात. पुढे पहिल्या रॅकचा एखादा कप्पा हलवायचा म्हटलं की शेजारचाही हलवावा लागतो. म्हणून कप्प्यांची उंची पहिल्याच दिवशी ठरवा, आणि ती घरातल्या वस्तूंवरून ठरवा: तेलाचा पिपा, लोणच्याच्या बरण्या, कुरड्या-पापडांचे डबे, वीस लिटरची पाण्याची कॅन. दुसरं म्हणजे जाळीची खोली, म्हणजे पुढून भिंतीपर्यंतचं माप. चौदा, अठरा, चोवीस इंच अशा मापांत जाळ्या मिळतात. पुढचा भाग त्याच मापाचा आणि त्याच बनावटीचा घ्या. एकाची स्लीव्ह दुसऱ्याच्या खांबावर बसेलच असं नाही. दुकानदार "सब चलता है भैया" म्हणतो. नाही चलत.

आणि वाढवणार कुठल्या बाजूला? खिडकीच्या बाजूला ना? खडूची चौकट बघा. मी नेमका तिकडेच वाढवला होता.

वजनाकडे यावं. पत्रकावर जो आकडा छापलेला असतो तो वजन जाळीभर सारखं पसरलेलं असेल तेव्हाचा. पन्नास किलोचा कट्टा, म्हणजे धान्याचं पोतं, एका टोकाला टेकवून ठेवला की तो आकडा विसरायचा. चाकं लावली तर क्षमता बरीच कमी होते. धान्याच्या रॅकला चाकं लावूच नका, कितीही सोयीची वाटली तरी. जड सामान खाली, गाद्या-रजया वर. तळमजल्यावर राहत असाल तर खालचा कप्पा फरशीपासून फूटभर तरी वर घ्या. 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि एका रात्रीत घराघरांत पाणी शिरलं. तसं पाणी आलं तर फूटभराने काही होत नाही, पण पावसाळ्यात नाली तुंबून जे येतं त्याला तेवढं पुरतं.

तारांच्या मधल्या फटींतून लहान वस्तू पडतात आणि अरुंद बुडाची बरणी डुगडुगते. त्यावर जाड प्लॅस्टिकची शीट कापून टाका, किंवा सरळ टोपल्या ठेवा. कट्टे मात्र उघड्या जाळीवरच बरे, खालून हवा खेळते.

गंज. इथेही कूलरच. चकचकीत क्रोमचा रॅक कोरड्या जागेसाठी असतो. कूलर पाण्यावरून हवा ओढून खोलीत दमटपणा सोडतो, एप्रिल ते जून रोज, दिवसरात्र, आणि तो बंद होतो न होतो तोच पाऊस. माझ्या रॅकला जुलैत तारांच्या जोडांवर तांबूस ठिपके आले. कूलरच्या खोलीत लावायचा असेल तर इपॉक्सीचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या कडक लेपाचा, थर दिलेला घ्या, आणि लावताना तो खरचटू देऊ नका, खरचटलं तिथूनच गंज सुरू होतो. थोडे पैसे जास्त गेले तर जाऊ द्या.

शिवाय हिवाळ्यात कूलरचा पंप, पाइप, स्टँडचे नट हे सगळं जातं कुठे? त्याला एक टोपली आत्ताच राखून ठेवा. दरवर्षी मार्चमध्ये इतवारीच्या बाजारात जाऊन नवा पंप आणायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

लावायचा दिवस. दोन माणसं, रबरी हातोडा, पाणसळ. स्लीव्हचं रुंद तोंड खाली. उलटी बसली तर जाळी रुतत नाही, घसरते. सगळ्यात खालची जाळी आधी. स्टोअरच्या फरशीला उतार असतोच, खांबांच्या खालचे पाय फिरवून रॅक सरळ करा. उंच असेल, घरात पोरं असतील, तर भिंतीला क्लिप मारा. कप्पा सोडवायचा असेल तर जाळीला खालून वर ठोका.

उरलेल्या स्लीव्ह आणि हुक पिशवीत घालून मागच्या खांबाला बांधून ठेवा, बाजारात सुट्या मिळतीलच असं नाही. आणि धान्य भरायच्या आधी कूलर एकदा खरोखर आणून खिडकीत बसवून बघा, जानेवारी असली तरी. शेजारचे हसतील.