नदीत वाहून आलेल्या लाकडाचे काष्ठशिल्प

काष्ठशिल्पासाठी लाकूड शोधायला पावसाळा सरल्यावर जावे, कारण पूर ओसरला की काठावरच्या खडकांत मुळे आणि बुंधे अडकून राहिलेले असतात. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून मात्र काडीही उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला विनापरवाना मुभा देत नाही. नखाने दाबल्यावर खड्डा पडणारे लाकूड कुजलेले समजावे, आणि बारीक छिद्रांतून पिठासारखा भुगा गळत असेल, तर आत किडा जिवंत असण्याची शक्यता धरून ते घरात आणू नये.

माती ब्रशने काढून लाकूड सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. कडक उन्हात पृष्ठभाग गाभ्याआधी आकसतो आणि चिरा पडतात. अधूनमधून वजन करावे. ते घटायचे थांबले की लाकूड वाळले.

त्यानंतरही पटाशी लगेच हाती घेऊ नये. लाकूड उभे, आडवे, उलटे ठेवून निरखावे. पाण्याने घडवलेले वळण हाच या शिल्पाचा खरा ऐवज असल्याने त्यावर नाक-डोळे कोरणे मला अयोग्य वाटते. तोल साधेल असा तळ सपाट कापून, पॉलिश पेपरने हलके घासून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाची फडकी चुरगाळून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावीत.