विमा एजंटांनो, या चुका टाळा : मार्च संपला की धंदा का थंडावतो?

नव्या एजंटाचे पहिले दोन महिने झकास जातात. मामा, मेहुणा, शाळेतला मित्र, सगळे सही करतात. तिसऱ्या महिन्यात नातेवाईक संपतात आणि अनोळखी दारात पाऊल अडखळतं.

फक्त पॉलिसी मोजणं. पॉलिसी झाली नाही म्हणजे दिवस फुकट, असं वाटलं की हिंमत आठवड्याभरात खचते. वहीत चार रकाने आखा : भेट, बसून बोलणं, पॉलिसी, कमिशन. चार आठवडे रोज रात्री भरा. समजा ४० भेटी झाल्या, १२ जण बसून बोलले, ३ पॉलिसी झाल्या, ९,००० रुपये कमिशन आलं. म्हणजे दर भेटीमागे २२५ रुपये पडले, नकार देणारी घरं धरून. आता रोज दोन भेटी ठरवा. मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा सकाळी साडेनऊच्या आत आणि सहानंतरच निघा. दुपार फोनसाठी ठेवा.

हप्त्याची तारीख न बघता पॉलिसी काढणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टार्गेटपायी मार्चमध्ये कापूसवाल्याची वार्षिक हप्त्याची पॉलिसी काढली, की पुढचा हप्ताही मार्चमध्येच येतो. त्याच महिनाअखेरीस सोसायटीचं पीककर्ज भरायचं असतं. वार्षिक हप्ता तारखेनंतर भरायला मुदत ३० दिवसांची, ती एप्रिलमध्ये संपते. मग अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं) नवं साल ठरतं, पाठोपाठ बी-बियाणं. हप्ता राहतो, पॉलिसी बंद पडते, तुमचं नूतनीकरणाचं कमिशनही जातं, आणि त्या गावात पुन्हा जायची लाज वाटते ती वेगळीच.

कापूसवाल्याची पॉलिसी दिवाळी ते जानेवारी या काळात सुरू करा. रावेर-यावलच्या केळीवाल्याला आधी विचारा, "भाऊ, यंदा बाग कापणीला कधी येते?" तारीख त्यावरून ठरवा. पावसाळ्यात भुसावळचे रेल्वेवाले, वरणगावचे फॅक्टरीवाले, शिक्षक अशा पगारदारांकडे वळा. त्यांना मासिक हप्ता बँकेतून परस्पर वळता करून द्या. मासिक हप्त्याला ही मुदत १५ दिवसांचीच असते, हे सांगायला विसरू नका.

"पाहू" म्हणजे होकार समजणं. "कापूस इकू द्या, मंग पाहू" हे पुष्कळदा नम्र "नाही" असतं. तिथंच विचारा, "काका, दत्तजयंतीनंतरच्या सोमवारी येऊ का?" तारीख मिळाली तर वहीत लिहा. दोनदा टाळली तर नाव खोडा, मनाला लावून घेऊ नका.

गिऱ्हाइकाचा पहिला हप्ता स्वतःच्या कमिशनमधून भरणं. १९३८च्या विमा कायद्याच्या कलम ४१नुसार कमिशनमधून सूट देणं बेकायदा आहे; दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. शिवाय पारावर बातमी पसरायला एक संध्याकाळ पुरते, मग सगळेच मागतात.

धंदा आधीच थंडावला असेल तर नवं गिऱ्हाईक शोधण्याआधी जुनी यादी काढा. बंद पडलेली पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेली) पॉलिसी पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून साधारण ५ वर्षांपर्यंत पुन्हा सुरू करता येते. व्याज आणि लागली तर वैद्यकीय तपासणी यांचा आकडा आधी शाखेतून आणा. चालू पॉलिसीवाल्यांच्या घरी वारसाचं नाव आणि जन्मतारीख तपासायला जा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून आईचंच नाव असतं, बायकोचं नाही. ती दुरुस्ती करून द्या, आणि उठताना शेजारच्या घराची चौकशी करा.