गाडी घ्यायची तर आधी दुकान पारखा

शोरूमला गेलात की पुढच्या काचेच्या दारातून लगेच आत शिरू नका. आधी मागं जा, सर्व्हिसिंगच्या शेडकडं. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात, कास्टिंगच्या म्हणजे ओतीव भागांच्या तपासणीवर सत्तावीस वर्षं काढली. माल चांगला की वाईट हे वरच्या पॉलिशवर कधीच कळत नाही. दुकानाचंही तसंच. शनिवारी अकराच्या सुमारास शेडबाहेर गाडी न्यायला आलेली माणसं बसलेली असतात. त्यातल्या दोघा-तिघांना एवढंच विचारा, "आधी सांगितला तेवढाच आकडा बिलात आला का? बदललेला जुना पार्ट दाखवला का?" गाडी विकेपर्यंत सगळेच गोड बोलतात. विकल्यावर कसे वागतात ते या बाकड्यावर कळतं.

मग आत जाऊन दरपत्रक मागा. ते लेटरहेडवर, शिक्का मारून, प्रत्येक रक्कम वेगळी लिहून हवं. व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेनानं लिहिलेला 'ऑन-रोड' आकडा म्हणजे दरपत्रक नव्हे. आपल्याकडं कर्नाटकाचा आजीवन कर मोठा असतो: ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के, १० ते २० लाखांना १७ टक्के, वर उपकर वेगळा. आकडा इतका मोठा असला की त्यात दहा-पंधरा हजार सहज दडून जातात. 'हँडलिंग चार्ज' दिसला तर तो कशाचा ते विचारा आणि काढायला लावा. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं काही नाही. नव्या कारला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, ३ वर्षांचा सक्तीचा आहे, पण तो कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. "बाहेरचा विमा आमच्याकडं चालत नाही," असं कुणी म्हणालं तर म्हणावं, हे लिहून द्या. लिहून कुणी देत नाही.

पूर्ण पैसे भरायच्या आधी चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला) बघायला मागा. फॉर्म २२ वर गाडी कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी तयार झाली ते छापलेलं असतं. आठ-दहा महिने यार्डात उन्हापावसात उभी असलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारतात. तशी असेल तर एक तर दुसरी मागा, नाहीतर भाव कमी करून घ्या. कन्नड कागद वाचता येत नसेल तर शेजारच्या कुणाला तरी सोबत न्या आणि वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. यात कमीपणा काही नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी मात्र जरा जास्त थांबून वाचावं, कारण आपण सीमेवर राहतो. कोल्हापूरची एमएच ०९ पासिंगची गाडी इथल्या, बेळगावच्या केए २२ च्या गाडीपेक्षा स्वस्त वाटते म्हणून निपाणी-संकेश्वरकडची माणसं तिकडं धावतात. पण गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला करही भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा आपण अर्ज करून मिळवायचा. हा सगळा खर्च किमतीत धरा आणि मगच स्वस्त म्हणा.

माझ्या मेहुण्यानं अशीच गाडी घेतली. दुकानदार म्हणाला, "एनओसी आठ दिवसांत देतो." एनओसी म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत पत्र. सगळे पैसे देऊन झाले होते. सात महिने चिकोडी आणि कोल्हापूर अशा खेपा घातल्यावर कळलं की आधीच्या मालकाचं कर्ज आरसीवरून उतरवलेलंच नव्हतं. गाडी दारात आणि नाव दुसऱ्याचं. त्या काळात अपघात झाला असता तर काय, या विचारानं माझी बहीण रात्री झोपत नव्हती. म्हणून सांगतो, कर्ज फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ आणि एनओसीचा फॉर्म २८ डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकनपलीकडं एक रुपया सोडू नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर, ते कोरे असताना सह्या देऊन ठेवू नका.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या दुकानदारांसाठी आरटीओच्या अधिकारपत्राची तरतूद आहे. ते दाखवा म्हणावं. खरा दुकानदार लगेच दाखवतो. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून कर्ज, विमा, ई-चलान तिथंच उभं राहून तपासा.

गाडीत बसलात की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या शिरोलीजवळ हायवेवर पुराचं पाणी आलं, महामार्ग बंद पडला, आणि त्यानंतर धुऊन-पुसून विकायला आलेल्या गाड्या मी बघितल्यात. त्या डिसेंबरात भाच्यासाठी एक पांढरी गाडी बघायला गेलो होतो. आत अत्तराचा वास, सीटकव्हर नवंकोरं. बेल्ट ओढत गेलो तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळसर रेघ, आणि बोटाला बारीक गाळ लागला. सीटखालच्या रुळांत तसाच गाळ. दुकानदार म्हणाला, "काका, धुताना लागला असेल." धुताना लागलेला गाळ गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आत जात नाही. आम्ही चहा न घेता निघालो. चोर्ला घाटातून येणाऱ्या गोव्याच्या गाड्यांनाही खाली वाकून बघा. खाऱ्या हवेनं सायलेन्सर आणि दाराच्या खालच्या कडा खाल्लेल्या असतात, आणि पर्यटकांना भाड्यानं दिलेली गाडी असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरात नंबर देऊन किलोमीटरची नोंद काढून घ्या.

भाच्याला शेवटी गाडी मिळाली ती वडगावच्या बाजूच्या एका छोट्या दुकानात. त्या माणसानं न मागता किल्ली हातात ठेवली. म्हणाला, "तुमच्या फिटरकडं न्या, दाखवा, संध्याकाळी आणा. बसलं तर बोलू." फिटरनं पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग वाजतंय म्हणून सांगितलं. ते त्यानं स्वतःच्या खर्चानं बदलून दिलं, आणि जुनं बेअरिंग कागदात गुंडाळून भाच्याच्या हातात दिलं.