प्रवाळभित्तीसाठी दिलेल्या सरकारी अनुदानाचा माग कसा काढावा

पर्यावरण संस्थेला सरकारने मोठी रक्कम दिल्याची बातमी वाचली की संस्थेचे काम चांगले आहे का, असा प्रश्न आपण आधी विचारतो. माझ्या मते त्याआधी, पैसा त्या संस्थेपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला हे पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ फाउंडेशनच्या उदाहरणावरून ही तपासणी नीट शिकता येते. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत सुमारे 2,300 किलोमीटर पसरलेल्या आणि 1981 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या प्रवाळभित्तीसाठी माल्कम टर्नबुल यांच्या सरकारने 2018 मध्ये या खासगी धर्मादाय संस्थेला 44 कोटी 33 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले.

प्रथम अर्ज शोधावा. अनुदानासाठी जाहीर आवाहन झाले होते का, किती संस्थांनी प्रस्ताव दिले आणि निवडीचे निकष कोणते होते, हे कागदावर दिसले पाहिजे. येथे संस्थेने पैसे मागितलेच नव्हते. 9 एप्रिल 2018 रोजी सिडनीत पंतप्रधान, पर्यावरणमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग आणि संस्थेचे अध्यक्ष जॉन शूबर्ट यांची भेट झाली, तीत हा देकार पुढे आला आणि महिना संपण्यापूर्वी घोषणाही झाली. प्रस्ताव त्या भेटीनंतर मागवला गेला. त्यामुळे सरकारी लेखापरीक्षण अहवाल मिळवून वाचणे ही पुढची पायरी ठरते. जानेवारी 2019 मध्ये आलेल्या अहवालाने प्रस्तावाची पुरेशी छाननी झाली नसल्याचे नोंदवले आणि पुढच्याच महिन्यात सिनेटच्या, म्हणजे तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, समितीने करार रद्द करून न खर्चलेली रक्कम परत घेण्याची शिफारस केली. मंत्र्यांचे निवेदन आणि असे अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. दोन्हींतील फरकातच बरेच काही कळते.

त्यानंतर रकमेची संस्थेच्या आवाक्याशी तुलना करावी. ऑस्ट्रेलियात धर्मादाय संस्थांची सार्वजनिक नोंदवही आहे आणि तीत वार्षिक हिशेब पाहता येतात. घोषणेच्या वेळी या संस्थेत 6 पूर्णवेळ आणि 5 अर्धवेळ कर्मचारी होते. लहान संस्था अप्रामाणिक असते असे मुळीच नाही, परंतु एवढा पैसा पेलण्यासाठी संस्था माणसे कुठून आणणार, हे करारात लिहिलेले असावे.

हप्ते पाहण्यास विसरू नये. सहा वर्षांच्या कामाची संपूर्ण रक्कम जून 2018 अखेर एकाच वेळी चुकती झाली. हप्त्याहप्त्याने दिलेला पैसा काम बिघडल्यास थांबवता येतो. एकरकमी दिल्यावर सरकारच्या हाती केवळ कराराची कलमे उरतात. म्हणून व्याजाचे काय होणार, कराराचा भंग झाल्यास काय, ही कलमे ओळीने वाचावीत.

मग खर्चाच्या बाबी. सुमारे 20 कोटी डॉलर पाण्याच्या गुणवत्तेसाठी, 10 कोटी प्रवाळांच्या पुनरुज्जीवनाच्या विज्ञानासाठी, 5 कोटी 78 लाख प्रवाळ खाणाऱ्या काटेरी मुकुट तारामाशांच्या नियंत्रणासाठी आणि 2 कोटी 25 लाख प्रशासनासाठी होते. ऊसशेतीतील खत आणि कुरणांतील गाळ समुद्रात येतो, त्यामुळे पाण्यावरील खर्च योग्यच आहे. तरीही 2016 आणि 2017 मध्ये प्रवाळ पांढरे पडले ते समुद्र तापल्यामुळे, आणि ते तापणे रोखण्यासाठी, म्हणजे उत्सर्जन घटवण्यासाठी, या यादीत रक्कम नाही. यादीत काय नाही हे शोधण्याची सवय मला सर्वांत मोलाची वाटते.

महाराष्ट्रात मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत, त्यामुळे हे प्रश्न आपल्या किनाऱ्यावरही विचारता येतात. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे असतात. अनुदान देणाऱ्या विभागाकडे माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा आणि मंजुरी आदेश, करारनामा, हप्त्यांचा तपशील व उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) यांच्या प्रती नावानिशी मागाव्यात. ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. शासनाकडून भरीव वित्तपुरवठा होणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा अशा संस्थेकडे थेट अर्ज करण्यासही हरकत नाही. 30 दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील दाखल करावे.