पायथनचा प्रोग्राम जावात नेताय? या चुका टाळा

नवशिक्यांचे पायथनमधले प्रोग्राम जावात आणायला मी नेहमी मदत करतो, आणि चुका त्याच त्याच दिसतात. बहुतेकींचं मूळ एकच आहे. कंपायलरने (प्रोग्राम चालण्याआधी तो तपासणाऱ्या जावाच्या साधनाने) लाल रेघ मारली की ती घालवायची कशी, एवढाच विचार होतो. ती रेघ एक प्रश्न विचारत असते: ही वस्तू नेमकी कोणत्या टाइपची, म्हणजे मजकूर, पूर्णांक की दशांश? पायथन हा प्रश्न प्रोग्राम चालताना, त्या ओळीवर पोचल्यावर विचारतो. जावा तो आधीच विचारते. उत्तर ठरवायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढा धीर फार थोडे जण धरतात.

सगळं ‘ऑब्जेक्ट’ करून टाकणं

नवशिक्याच्या पायथन प्रोग्राममध्ये सगळी माहिती डिक्शनरीत, म्हणजे किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांत असते. नाव मजकूर, नग आकडा, वजन दशांशात. जावात हुबेहूब तेच हवं म्हणून तो मॅप (जावातली डिक्शनरी) घेतो, किल्ली स्ट्रिंग (मजकूर) ठेवतो आणि तिची किंमत ‘ऑब्जेक्ट’. ऑब्जेक्टमध्ये काहीही मावतं, त्यामुळे कंपायलर गप्प बसतो.

एका विद्यार्थ्याने साठ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम असाच करून आणला होता. मूळ पायथनमध्ये नग लागेल तिथे त्याने इंट() लावलं होतं. फाइलमधून वाचलेल्या नोंदींत नग म्हणजे "१२" असा मजकूर होता, तर प्रोग्राम चालू असताना भरलेल्या नोंदींत खरा आकडा. पायथनचं इंट() दोन्ही चालवून घेतं, म्हणून हा घोळ तिथे कधी दिसलाच नाही. जावात त्याने इंट() च्या जागी (इंटिजर) असा कास्ट, म्हणजे वस्तूच्या आधी कंसात लिहिलेला टाइप घातला. दोन्ही दिसायला सारखे, पण काम अगदी वेगळं. पायथनचं इंट() मजकुरातून नवा आकडा बनवतं. जावातला हा कास्ट काहीच बनवत नाही, ‘ही वस्तू इंटिजरच आहे’ अशी फक्त ग्वाही देतो. फाइलच्या पहिल्याच नोंदीवर ग्वाही खोटी ठरली आणि क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे टाइप जुळत नसल्याची चूक आली. मग त्याने त्याभोवती ट्राय-कॅच (चूक पकडून प्रोग्राम चालू ठेवणारी रचना) गुंडाळलं आणि कॅचमध्ये नग शून्य धरला.

प्रोग्राम चालायला लागला. फाइलमधला सगळा साठा शून्य आणि हाताने भरलेला तेवढा बरोबर. चाचणी तो हाताने नोंदी भरूनच करत होता, त्यामुळे बेरीज दर वेळी जुळायची. खऱ्या फाइलवर चालवल्यावर अहवाल चुकला, तेव्हा कुठे शंका आली. एक्सेप्शन त्या कॅचने गिळून टाकलं होतं, म्हणून चूक शोधायला सगळी संध्याकाळ गेली. मुलगा हुशार होता आणि कष्टाळूही. कंपायलरने मात्र त्याला पहिल्या तासातच अडवून विचारलं होतं, आणि त्याने तो प्रश्न दाबला होता.

माझी सवय अशी: डिक्शनरी दिसली की तिच्यासाठी आधी क्लास (माहितीचा साचा) लिहायचा. जावा १६ पासून (२०२१) रेकॉर्ड (फक्त माहिती ठेवणारे छोटे क्लास) आहेत, म्हणजे हे काम एका ओळीचं झालं आहे. नाव स्ट्रिंग, नग इंट (पूर्णांक), वजन डबल (दशांश). मजकुराचा आकडा करायचा तो फाइल वाचतानाच, ‘पार्सइंट’ वापरून. त्यापुढे प्रोग्राममध्ये कुठेही नग मजकूर म्हणून फिरता कामा नये. एक लक्षात ठेवा: आकड्याच्या मागेपुढे रिकामी जागा असली तरी पायथनचं इंट() ती सोडून देतं, ‘पार्सइंट’ मात्र नंबरफॉरमॅटएक्सेप्शन टाकतं. आधी ‘ट्रिम’ करा. आणि नोंद खराबच असेल तर ओळीचा क्रमांक दाखवून प्रोग्राम थांबू द्या. कॅचमध्ये शून्य भरणं मला अजिबात मान्य नाही.

चिन्ह तेच, गणित वेगळं

इथे लाल रेघसुद्धा येत नाही. पायथन ३ मध्ये ७/२ म्हणजे ३.५. जावात दोन्ही बाजूंना इंट असेल तर उत्तर ३. साठपैकी पंचेचाळीस गुणांची टक्केवारी ‘गुण / एकूण * १००’ अशी काढली की ती शून्य येते, कारण भागाकारातच अपूर्णांक गळून पडतो. मग घाईघाईने पूर्ण भागाकार कंसात टाकून त्यावर (डबल) लावतात. तोवर उशीर झालेला असतो आणि शून्याचं ०.० होतं. मी ‘१००.० * गुण / एकूण’ असंच लिहितो, दशांश पहिल्या पदातच.

भागाकारानंतर उरणाऱ्या बाकीचं (%) अधिक-उणे चिन्हही तपासा. आठवड्याचे वार ० ते ६ धरले आणि कालचा वार ‘(आज - १) % ७’ असा काढला, तर आज ० असताना पायथन ६ देतो आणि जावा -१. तो -१ ॲरेचा इंडेक्स (यादीतला क्रमांक) झाला की प्रोग्राम पडतो, आणि पडतो तो फक्त आठवड्याच्या पहिल्या वारी. अशा जागी ‘मॅथ.फ्लोअरमॉड’ वापरा.

पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो. जावाचा इंट २१४७४८३६४७ वर संपतो. १२ चं फॅक्टोरियल (१ ते १२ चा गुणाकार) त्यात बसतं, १३ चं बसत नाही: खरं उत्तर ६२२७०२०८००, इंटमध्ये मिळतं १९३२०५३५०४. ना सूचना, ना एक्सेप्शन, आणि आकडा दिसायला अगदी खरा. लाँग (मोठा पूर्णांक) घेतला तर २० पर्यंत निभतं, पुढे हवा तेवढा वाढणारा बिगइंटिजर लागतो. कुठे फुटेल याचा अंदाज नसेल तर ‘मल्टिप्लायएक्झॅक्ट’ वापरा. मर्यादा ओलांडली की ते एक्सेप्शन टाकून सांगतं.

बाकीच्या, थोडक्यात

स्ट्रिंगची तुलना == ने करू नका, ‘इक्वल्स’ वापरा. प्रोग्राममध्येच थेट लिहिलेल्या स्ट्रिंगवर == चालून जातं आणि वापरणाऱ्याने टाइप केलेल्या स्ट्रिंगवर फसतं, म्हणून चाचणीत ही चूक सापडत नाही.

पायथनचं ‘रिमूव्ह(५)’ यादीतली ५ ही किंमत काढतं. जावात इंटिजरच्या लिस्टवर तेच लिहिलं तर इंडेक्स ५ वरचा (० पासून मोजलेला) घटक जातो.

डिक्शनरीचा क्रम पायथन ३.७ पासून भरल्याप्रमाणे राहतो. जावाचा हॅशमॅप तशी हमी देत नाही. लिंक्डहॅशमॅप घ्या.

मॅपमध्ये किल्ली नसेल तर ‘गेट’ नल (काहीच नाही) देतं. ते थेट इंटमध्ये घेतलं की नलपॉइंटरएक्सेप्शन.

राउंड(२.५) पायथनमध्ये २, जावाच्या ‘मॅथ.राउंड’ मध्ये ३.

एकाच व्हेरिएबलमध्ये आधी मजकूर आणि मग आकडा ठेवायची सवय सोडा. दोन नावं द्या. जावा १० पासूनचा ‘व्हार’ (टाइप न लिहिता व्हेरिएबल करायची सोय) इथे कामी येत नाही, कारण पहिल्या किमतीवरूनच त्याचा टाइप कायमचा ठरतो.

सुरुवात जावात करू नका

आधी पायथनच्या प्रोग्राममध्येच प्रत्येक फंक्शनला टाइप हिंट (कोणता टाइप अपेक्षित आहे याची नोंद) लावा. ही सोय पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. पायथन स्वतः त्या तपासत नाही, म्हणून त्या तपासणारं मायपाय हे साधन चालवा. ते जिथे अडेल तिथेच जावातही अडणार असतं, फरक इतकाच की इथे प्रोग्राम अजून तुमच्या ओळखीच्या भाषेत आहे. नवशिक्यांना ही पायरी फुकटची वाटते आणि बरेच जण ती वगळतात. मी ती वगळू देत नाही.

मग जुना प्रोग्राम अवघड इनपुटवर चालवून उत्तरं एका फाइलमध्ये ठेवा: रिकामी यादी, एकच घटक, ऋण आकडा, खूप मोठा आकडा, शेवटी रिकामी जागा असलेली ओळ. जावातलं प्रत्येक फंक्शन लिहून झालं की लगेच त्या उत्तरांशी ताडून पाहा, आणि जुळल्याशिवाय पुढचं फंक्शन हातात घेऊ नका.