इंद्रलाल रॉयचं विमान बनवताना

१९१८च्या जुलैत, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, पहिल्या महायुद्धातला भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉयने एस.ई.५ए या दुपंखी ब्रिटिश लढाऊ विमानातून हवाई लढायांत दहा विजय मिळवले. त्या विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल किटमधून जोडताना, १:७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात) पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ११ सेंटिमीटर भरतात.

वरचा पंख आधी चिकटवू नका. त्याआधी सगळं रंगवून घ्या: वरून खाकी-तपकिरी, खालून कापडाचा फिकट पिवळसर. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर स्प्रे मारू नका, दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते. पहाटे, कूलर बंद करून मारा.

खरी कसरत दोन पंखांमधल्या तारांची. खऱ्या विमानात त्या चपट्या पोलादी होत्या, म्हणून काळा दोरा नकोच. किटमधले भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात, तिची प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर, ज्योतीपासून जरा दूर धरून फिरवा. मऊ पडली की सावकाश ताणा. केसासारखी तार निघते. चंदेरी रंग द्या, चिमट्याने बसवा. वरच्या पंखावरची लुईस मशीनगन अगदी शेवटी लावा.